काळी माशी

दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, आणि आमच्या डॉक्टरांनी या सोयीचा आयुष्यभर फायदा घेतला. तोंडात कापसाचे बोळे, जिभेखाली लाळ ओढणारी नळी, वर दिव्याचा झोत, अशा अवस्थेत तंजावूरच्या निम्म्या गावाने पिस्तुलाची माशी कशी असावी यावरची त्यांची मतं ऐकली आहेत. माशी म्हणजे पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर उभा असलेला तो लहानसा तुकडा. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला एक पट्टी असते, तिला खाच असते. नेम धरताना त्या खाचेतून माशी पाहायची आणि माशीच्या माथ्यावर लक्ष्य ठेवायचं. गोष्ट एवढीच. पण माशी चौकोनी असावी की मण्यासारखी गोल, नुसती काळी असावी की तिच्यावर पांढरा ठिपका असावा, खाचेत ती घट्ट दिसावी की मोकळी, यावरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो असं त्यांचं म्हणणं होतं.

"मणी आवडणारा मनुष्य घाईचा," दाढ कोरता कोरता ते सांगत. "ठिपका आवडणारा आळशी. काळी चौकोनी माशी पजे म्हणणारा, तो भरवशाचा." मग कोरायचं चाक थांबवून विचारत, "तुम्हांला कोणती पजे?" पेशंट बिचारा "आ" म्हणे. डॉक्टर समाधानाने मान हलवत आणि चाक पुन्हा सुरू करत.

गावात त्यांना 'पल् डॉक्टर', म्हणजे दातांचे डॉक्टर, असं कुणी फारसं म्हणत नसे. रिक्षावाल्याला 'तुप्पाक्की डॉक्टर' सांगितलं की तो नीट दाराशी आणून सोडायचा. तुप्पाक्की म्हणजे बंदूक.

मी तंजावूरला गेले ती लग्न होऊन. नवऱ्याला भाताच्या गिरण्यांची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती, आणि त्या काळात अशा कंपन्या भराभर माणसं घेत होत्या. घरोघरी केबल येत होती, टीव्हीवर रोज एक नवी टूथपेस्ट दिसत होती. माझ्याकडे दंतवैद्यकाची नवीकोरी पदवी होती आणि तमिळ अजिबात नव्हतं. पश्चिम राजवीथीवर एका मराठी आडनावाच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी प्रमाणपत्रांची फाइल घेऊन गेले. फाइल त्यांनी उघडलीच नाही. मला गच्चीवर नेलं, मोठ्या देवळाचं शिखर दाखवलं, दोन बोटांचा गोल करून त्यात कळस धरायला सांगितला आणि एकेक डोळा मिटायला लावला. डावा मिटला तरी कळस गोलात राहिला. उजवा मिटल्यावर तो पळाला.

"उजवा डोळा मालक आहे," ते म्हणाले. "उजवा हात, उजवा डोळा. बेस. उद्यांपासून या."

त्यांचं मराठी तीनशे वर्षं आमच्यापासून दूर राहिलेलं. तंजावूरच्या मराठा राजांबरोबर आलेल्या कुणा कारकुनाचे ते वंशज. घरात मराठी बोलत, लिहीत मात्र तमिळ आणि इंग्रजी. देवनागरी वाचायला घेतली तर एकेक अक्षर लावत बसत. 'पाहिजे'चं त्यांच्याकडे 'पजे' व्हायचं, 'नको'चं 'नोको', आणि वाक्य शेवटाला तमिळसारखं वर चढायचं. माझं सांगलीचं मराठी त्यांना धावत सुटल्यासारखं वाटे. "तुमची मराठी बेस आहे," ते एकदा म्हणाले, "पण नवी आहे. अजून मुरली नाही."

ठेंगणे, गोरे, साठीला टेकलेले. दवाखान्यात पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि पँट, घरी वेष्टी, तमिळ धाटणीचं धोतर. खिशात नेहमी एक बारीक कानस. दातांच्या कामाची ती कानस रविवारी माश्या घासायच्या कामी यायची. कुठल्याही दोन माणसांना एकच माशी चालत नाही, जशी एकाची कवळी दुसऱ्याला बसत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. लांब हाताच्या माणसाला माशी डोळ्यापासून दूर जाते, बारीक दिसते, म्हणून त्याला रुंद हवी. आखूड हाताला अरुंद. नवा माणूस क्लबात आला की ते कापडाच्या दुकानातल्यासारखा त्याचा हात मोजत.

क्लब म्हणजे शहराबाहेर, कालव्याच्या कडेला एक पत्र्याची शेड आणि समोर मातीचा उंच बांध. मागे नारळी, पुढे भातखाचरं. दर रविवारी सकाळी सहा-सात माणसं जमत. निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर होते. ते शिस्त सांभाळायचे, त्यांनी शिट्टी दिल्याशिवाय कुणी पिस्तुलाला हात लावत नसे. एक कॉलेजातले प्राध्यापक होते. आणि पापनाशमचे एक गिरणीमालक होते, ज्यांना सगळे 'मुदलाळी', म्हणजे मालक, म्हणत. मुदलाळी आणि डॉक्टर शाळेत एका बाकावर बसलेले. क्लबाचं एक पॉइंट टू-टू पिस्तूल होतं, दोन छर्ऱ्याची पिस्तुलं होती. डॉक्टरांचं स्वतःचं एक जुनं पॉइंट टू-टू होतं, वडिलांच्या वेळचं, रीतसर परवान्याचं.

नेमबाजी सुरू होण्याआधी डॉक्टरांचा एक विधी असे. रिकामं पिस्तूल तपासून घ्यायचं, मग पितळेच्या झाकणात कापराची वडी पेटवायची आणि तिच्या धुरावर माशी आणि खाच धरायची. काजळी बसली की पोलाद मखमलीसारखं काळं होई, उन्हाची एक तिरीप त्यावर चमकत नसे. विकतचं काळं रसायन त्यांना चालत नव्हतं. कापूर मात्र देवघरातून यायचा, आणि ते अक्कांना खपत नसे. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. मी त्यांना अक्काच म्हणायची. शनिवारी संध्याकाळी त्या कापराची डबी कमरेला खोचून फिरत, आणि रविवारी सकाळी एक वडी काढून ओट्यावर ठेवत. "देवाची आरती करा म्हटलें तर करत नाहींत," त्या मला सांगत, "त्या लोखंडाची करतात."

मला नेमबाजीत काही रस नव्हता. पण दवाखान्यात नोकरी करून रविवारी क्लबात न जाणं त्यांना समजण्यासारखं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी छर्ऱ्याचं पिस्तूल हातात दिलं आणि सांगितलं की लक्ष्याकडे पाहायचं नाही. मला वाटलं मराठीचा घोटाळा झाला. पण त्यांना तेच म्हणायचं होतं. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्वच्छ दिसतं. खाच, माशी आणि लक्ष्य या तिघांपैकी माशी तेवढी स्वच्छ दिसली पाहिजे. लक्ष्य धूसर झालं तर होऊ द्यावं.

माझ्यासाठी त्यांनी स्वतः माशी घासून बसवली. त्यांना स्वतःला माशी खाचेत जवळजवळ घट्ट लागे, दोन्ही बाजूंना उजेडाची केसाएवढी रेघ. मलाही तशीच दिली. मला ती जमेना. हात जरा हलला की एका बाजूची रेघ नाहीशी व्हायची आणि मी घाबरून चाप ओढायची. महिनाभराने मी धीर करून म्हटलं की मला जास्त उजेड हवा. त्यांना ते आवडलं नाही. रुंद उजेडात माणूस सैल होतो, म्हणाले. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी माझी माशी आणखी घासून आणली होती. त्या दिवशी माझे छर्रे पहिल्यांदा एका जागी पडले. त्यांनी कागद उचलून बराच वेळ पाहिला. "सैल मनुष्याला सैल खाच," असं म्हणून तो कागद स्वतःच्या पिशवीत ठेवला. नंतर तो मला दवाखान्यात हात धुवायच्या नळाच्या वर चिकटवलेला दिसला.

मुदलाळींचं आणि त्यांचं भांडण या सुमारास झालं. मुदलाळींचा पुतण्या परदेशातून आला होता. त्याने आणलेल्या मासिकांत मुदलाळींनी तीन ठिपक्यांची पद्धत पाहिली. माशीवर एक पांढरा ठिपका, खाचेच्या दोन्ही अंगांना एकेक, तिन्ही एका ओळीत आणले की नेम लागला. मुदलाळी त्या कल्पनेवर भाळले. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. काळी माशी काळ्या वर्तुळावर धरली तर दिसणार कशी, असं ते विचारत. डॉक्टर सांगत की वर्तुळावर धरायचीच नाही, वर्तुळाखाली कागदाच्या पांढऱ्यावर धरायची. पांढऱ्या कागदावर काळ्या माशीइतकं स्वच्छ जगात काही नाही. हा वाद प्रत्येक रविवारी कॉफीच्या वेळी व्हायचा आणि कॉफीबरोबर संपायचा.

मग शेजारच्या जिल्ह्याच्या क्लबाबरोबर सामना ठरला. सामन्याच्या सकाळी डॉक्टर आले आणि क्लबाच्या पिस्तुलावर त्यांना तीन पांढरे ठिपके दिसले. मुदलाळींनी आदल्या दिवशी पुतण्याच्या बाटलीतल्या रंगाने हौसेने काढले होते, आणि पहिली फेरी त्यांचीच होती. डॉक्टरांनी खिशातून कापूस काढला, दवाखान्यातलं स्पिरिट काढलं, तिन्ही ठिपके पुसले आणि कापूर पेटवला. मुदलाळी शेडच्या दारात उभे राहून पाहत होते. पाहुण्या क्लबाची माणसंही पाहत होती.

मुदलाळी मोटारीत बसून पापनाशमला निघून गेले. आमच्यात एक माणूस कमी पडला आणि आम्ही सामना हरलो. इन्स्पेक्टरांनी मध्यस्थी करून पाहिली, प्राध्यापकांनी पाहिली. डॉक्टर म्हणत, नियमांत रंगवलेली माशी चालत नाही, मी नियमाप्रमाणे केलं. ते खरंच होतं. पण पुसण्याआधी मित्राला विचारता आलं असतं, हेही त्यांना कळत होतं, कारण त्यानंतर कॉफीच्या वेळी ते शेडमध्ये थांबत नसत, बांधाकडे जाऊन कागद बदलत बसत. मुदलाळी रविवारी यायचे बंद झाले. दात दाखवायला ते तिरुच्चीला जाऊ लागल्याचं कानावर आलं. ते डॉक्टरांना फार लागलं. वर्ष उलटून गेलं तरी दोघांत शब्द नव्हता.

त्यानंतरच्या पोंगलनंतरची गोष्ट. एका रविवारी मी डॉक्टरांच्या पिस्तुलाकडे पाहिलं आणि मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. माशीच्या मागच्या अंगाला पांढरा पट्टा होता. आम्ही दातांत तात्पुरतं भरतो ते सिमेंट. मी विचारलं तर म्हणाले, "प्रयोग." काही आठवड्यांनी पांढरा पट्टा गेला आणि त्या जागी गुलाबी आला. कवळीच्या हिरड्या करतात त्या साहित्याचा. मग एकदा माशीच नवी, जवळजवळ दुप्पट रुंद. इन्स्पेक्टर गालात हसले. मीही हसले. मला वाटलं, मुदलाळींची आठवण येते आहे आणि तसं म्हणवत नाही म्हणून हा खेळ चालला आहे.

दवाखान्यात मात्र ते अवघड कामं माझ्याकडे देऊ लागले. रूट कॅनाल माझ्याकडे, अक्कलदाढा माझ्याकडे. मला तमिळही आता कळू लागलं होतं, तेव्हा हातही तयार व्हावा म्हणून देतात असं मी समजत होते. ते आता पेशंटशी जास्त बोलत आणि कमी कोरत.

एका सकाळी अय्यमपेट्टैकडच्या एक शाळामास्तरीणबाई आल्या. खालची मागची दाढ किडली होती, काम साधं होतं. मी नळी धरून उभी होते. डॉक्टरांनी चाक सुरू केलं आणि ते किडक्या दाढेच्या पुढच्या, चांगल्या दाढेवर टेकवायला नेलं. मी त्यांच्या कोपराला हात लावला आणि हळूच म्हटलं, "डॉक्टर, मागची." ते थांबले. कोंबडी मान वाकडी करून एका डोळ्याने पाहते तसं त्यांनी पाहिलं. पुन्हा चाक सुरू केलं. ते पुन्हा त्याच दाढेकडे चाललं होतं. मी कोपर सोडलं नव्हतं. पण मला ओढावं लागलं नाही, त्यांनी स्वतःच पायाखालचं बटण सोडलं.

"अम्मा," ते त्या बाईंना तमिळमध्ये शांतपणे म्हणाले, "हे काम या डॉक्टर करतील. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे."

मी काम पुरं केलं. बाई गेल्या. दुपारची सुट्टी झाली तेव्हा डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसले होते, पाय लांब करून, दिवा न लावता. मी स्टूल ओढून शेजारी बसले आणि कधीपासून, एवढंच विचारलं.

"पोंगलापासून," ते म्हणाले. "खाच दिसते. दोन्ही बाजूंचा उजेड दिसतो. मध्यें माशी नाही. पहिल्यांदा वाटलें काजळी उतरली. मग पांढरें लावलें, मग गुलाबी. मग मोठी केली. अस्कें, सगळें करून पाहिलें."

मदुराईला जाऊन आल्याचं त्यांनी त्यानंतर सांगितलं. दातांचं साहित्य आणायला म्हणून ते गेले होते ते तिथे डोळे दाखवायला. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, बरोबर मध्यभागी, डाग होता. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. डाव्यातही सुरुवात होती. औषध नाही असं तिथल्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं.

मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. माझ्या डोळ्यांसमोर ती चांगली दाढ होती. मी म्हटलं, "डॉक्टर, उद्यापासून तुम्ही चाक हातात धरायचं नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले, किंवा तेव्हा मला तसं वाटलं. इतके दिवस ते मला 'तुम्ही' म्हणत. त्या दुपारी पहिल्यांदा एकेरीवर आले.

"उद्यां कशाला?" ते म्हणाले. "आज दुपारचे पण तूंच कर."

दुपारी जेवढे पेशंट आले त्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः दारात उभं राहून सांगितलं की माझा डोळा गेला, आता या डॉक्टर पाहतील. लपवाछपवी केली नाही, गळाही काढला नाही. मला फक्त एकच विनंती केली, अक्कांना एवढ्यात सांगू नको. मी ते कबूल केलं नाही. संध्याकाळी घरी गेले तर अक्का स्वयंपाकघरात होत्या. मी कशी सुरुवात करावी याचा विचार करत होते, तोवर त्यांनी कॉफीचा पेला भरला आणि बाहेर डॉक्टरांच्या पुढ्यात न ठेवता जरा डावीकडे, हाताच्या बाजूला ठेवला. आत येऊन म्हणाल्या, "समोर ठेवला तर सांडतो. पोंगलापासून तसाच ठेवते." अक्का तेव्हापासून वाट पाहत होत्या, डॉक्टर आपण होऊन कधी सांगतील याची.

पापनाशमला फोन अक्कांनीच केला. नाक्यावरच्या एसटीडी बूथमधून, कारण घरून केला असता तर डॉक्टरांना ऐकू गेला असता. काय बोलल्या ते मला कळलं नाही. पण सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच मुदलाळींची मोटार दाराशी उभी होती. धिप्पाड माणूस, कपाळाला विभूती, हातात रुमाल. दात दुखतो म्हणाले, आणि कुणाकडे न पाहता सरळ खुर्चीत जाऊन बसले आणि तोंड उघडलं.

मी तपासलं. दाताला काही झालेलं नव्हतं. थोडं कीटण होतं, तेवढंच. मी ते काढायला घेतलं. डॉक्टर कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मग डॉक्टर तमिळमध्ये बोलू लागले. आधी तीन ठिपक्यांच्या विरुद्ध जुनेच मुद्दे, एकेक करून. मग प्रत्येक मुद्द्याला मुदलाळी जी उत्तरं देत असत, ती उत्तरंही स्वतःच दिली. मग म्हणाले की त्या सकाळी पाहुण्यांच्या देखत कापूस काढायला नको होता. मुदलाळी तोंड उघडून छताकडे पाहत पडले होते. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. मी हात थांबवला, कारण त्यांना दुखतंय की काय असं वाटलं. त्यांनी बोटाने खूण केली, चालू दे.

चूळ भरून झाल्यावर ते उठले. "रविवारी गाडी पाठवतो," एवढंच डॉक्टरांना म्हणाले आणि गेले.

त्या रविवारी क्लबाच्या पिस्तुलावर मुदलाळींनी पुन्हा तीन ठिपके काढले, या वेळी मोठाले. डॉक्टर विरोध न करता बसून होते. इन्स्पेक्टर त्यांच्या कोपराशी उभे राहिले, बाकी सगळे मागे. डॉक्टरांनी हात लांब केला, खाली घेतला, पुन्हा लांब केला.

"मधला दिसत नाही," ते म्हणाले. "कडेचे दोन दिसतात."

"मग मधला त्यांच्या मधोमध आहे," मुदलाळी मागून म्हणाले. "मी काढलाय. मला ठाऊक आहे."

लक्ष्याचं काळं वर्तुळ तर डॉक्टरांना मुळीच दिसत नव्हतं. कागदाची पांढरी चौकट कडेने दिसत होती. त्या चौकटीच्या मधोमध त्यांनी ते दोन ठिपके धरले आणि न दिसणारी माशी त्यांच्या मधोमध आहे असं मानून गोळ्या झाडल्या. एकेक, फार सावकाश. प्राध्यापक कागद घेऊन आले. सगळ्या गोळ्या कागदावर होत्या, एका बशीत मावतील एवढ्या जवळ. पूर्वीच्या डॉक्टरांना असा कागद दाखवायची कुणाची छाती झाली नसती. आता त्यांनी तो बोटांनी चाचपून पाहिला, एकेका भोकात नखाचं टोक घालून.

"ठिपके आळशी माणसांचेच," ते मुदलाळींना म्हणाले. "पण आळस मला वाटला होता तितका वाईट नाही."

मुदलाळी इतके हसले की त्यांना शेडच्या खांबाला धरावं लागलं.

तसे ते आणखी काही महिने येत राहिले. मुदलाळी स्वतः मोटार घेऊन यायचे, ड्रायव्हरला पाठवत नसत. मग डावा डोळाही अधू झाला आणि कडेचे ठिपके एकमेकांत मिसळू लागले. तेव्हा एका सकाळी डॉक्टरांनी आपण होऊन थांबायचं ठरवलं. इन्स्पेक्टर म्हणाले की परवाना नूतनीकरणाला अजून अवकाश आहे, घाई काय. डॉक्टरांनी ऐकलं नाही. न दिसणाऱ्याच्या घरात पिस्तूल असू नये, हे त्यांनी सरळ आवाजात सांगितलं. मुदलाळींबरोबर कचेरीत जाऊन त्यांनी परवाना परत केला आणि वडिलांचं पिस्तूल रीतसर जमा केलं. येताना दोघं रेल्वे स्टेशनजवळच्या हॉटेलात रवा डोसा खाऊन आले. अक्कांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात जरा असूया होती. त्यांना कधी त्या हॉटेलात नेलं नव्हतं.

दवाखाना मी चालवत होते. डॉक्टर रोज सकाळी येऊन स्टुलावर बसत आणि पेशंटशी बोलत. त्यांना आता विषयाचं बंधन राहिलं नव्हतं. पावसावर बोलत, जावयांवर बोलत. लहान मुलं खुर्चीत रडायची थांबत ती त्यांच्या आवाजाने. माझ्या हाताखालच्या चाकाच्या आवाजावरून दाढ किती खोल किडली आहे ते ते कोपऱ्यातून बरोबर सांगत, आणि चुकले तर मी काही बोलत नसे.

चार वर्षांनी नवऱ्याची बदली नागपूरला झाली. दवाखाना मुदलाळींच्या एका भाचीकडे गेला, ती नुकतीच मद्रासहून शिकून आली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला घरी गेले. डॉक्टर ओसरीवर वेताच्या खुर्चीत होते आणि अक्का त्यांना तमिळ वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. मला पाहून अक्का कॉफी करायला आत गेल्या. मी त्यांच्यासमोर बसले. नागपूरला फार ऊन असतं म्हणतात, तिथल्या संत्र्यांनी दात आंबतात का, असं काहीबाही ते विचारत होते. मी उत्तरं देत होते आणि मला सारखं वाटत होतं की त्यांचं माझ्याकडे लक्ष नाही. ते माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडे, खिडकीच्या चौकटीकडे एकटक पाहत होते. तिथे कुणी आलं आहे का म्हणून मी वळून पाहिलं.

"हलूं नोको," ते म्हणाले. "तुझ्याकडे पाहिलें तर तूं दिसत नाहींस. तुला पाहायचें तर तिकडेच पाहावें लागतें."

मी पुन्हा सरळ बसले. ते खिडकीच्या चौकटीकडे पाहत राहिले, पुष्कळ वेळ, कपाळाला आठी घालून. आतून फिल्टर कॉफीचा वास येत होता. रस्त्यावरून टाउन बस गेली. मी मान हलू दिली नाही.

"केस कापलेस," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात कापले होते, खांद्यापर्यंत. घरात अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.